कर्करोग, अर्बुद की नुसती गाठ?

पंचगंगाकाठ
मंडळी एक शंका हाय. मामीच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलेला, रिपोर्ट आला, साधी गाठ निघाली, सुटलो एकदाचे. पण वाचून दाखवताना मी 'कर्करोग नाही' म्हटलं आणि मामी (पावसाळ्यात नदीची खेकडी आणून असला रस्सा करती की बोलायचं काम नाही) म्हणाली, कर्क म्हंजे खेकडा न्हवं, त्याचा आन् गाठीचा काय संबंध रं? मला काय सांगता येईना. शब्द आपला जुना हाय का कुणी जुळवलाय? आणि शब्दकोशात अर्बुद दिसतो तो वेगळा का?

शाईपेन
जुळवलेलाच. जुना ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस, त्याच्या ग्रंथांत अशा गाठींना कार्किनोस म्हटलंय, म्हणजे खेकडा, लॅटिनमध्ये त्याचं कॅन्सर झालं आणि आपण कर्क केलं. खेकडाच का, तर गेलन हा नंतरचा ग्रीक वैद्य लिहितो की स्तनातल्या गाठीच्या दोन्ही अंगांना शिरा फुगून पसरतात त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. मामींना एवढं पुरे.

अर्बुद मात्र आपला. सुश्रुतसंहितेत वर्णन आहे, गोल, जागचं न हलणारं, कमी दुखणारं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. हे 'न पिकणारं' मला फार आवडतं, गळू वेगळं आणि हे वेगळं, विषय संपला. पण ते सगळं म्हणजे आजचा कॅन्सरच असं छातीठोक सांगू नका, साध्या गाठीपण त्यात बसतात. आजच्या मराठीत अर्बुद म्हणजे ट्यूमर. म्हणजे मामींना अर्बुद आहे, कर्करोग नाही.

हिशोबनीस
अर्बुद म्हणजे दहा कोटी पण ना? लीलावतीत कोटी, अर्बुद, अब्ज असा क्रम आहे. आणि एक घन सेंटिमीटर गाठीत १० ते १०० कोटी पेशी असतात असा ढोबळ अंदाज सांगतात. योगायोगच, पण भारी.

मायक्रोवाल्या बाई
मला 'कर्क'चाच राग येतो, खेकडा म्हटलं की बाहेरनं कायतरी आत शिरलं असं वाटतं. १९११ ला पेटन राऊसनं कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी अडतील असा गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तिलाही गाठ आली, म्हणजे व्हायरस, इथपर्यंत खेकडा चालतो. पण १९७६ ला बिशप आणि व्हार्मसच्या टीमला त्या व्हायरसमधलं सार्क जनुक धडधाकट कोंबडीच्या पेशीतपण सापडलं, व्हायरसनंच ते कधीतरी तिच्याकडनं उचललेलं! (१९८९ चं नोबेल यालाच.) म्हणजे जनुक घरचंच, पेशीला वाढ म्हणून सांगणारं, बिघडलं की स्टार्टर अडकलेल्या मोटारीसारखं, उसाला पाणी बास झालं तरी बंदच होईना. असल्या जनुकाला 'कर्कजनुक' काय म्हणायचं, मी पोरांना सरळ ऑन्कोजीन सांगते. तो 'ऑन्को' पण ग्रीकच, पण अर्थ फुगवटा, खेकडा नाही.

शाईपेन
पटलं. आणि रक्ताच्या कॅन्सरला तर बऱ्याचदा गाठच नसते, तिथं अर्बुदपण चालत नाही, कर्करोगच म्हणावं लागतं.

पंचगंगाकाठ
मामीला गेलनच्या शिरांचं सांगितलं. म्हणाली, खेकड्याला नांग्या धरून धा पाय असत्यात, तुझ्या त्या वैद्यानं मोजलं हुतं का?