लाराची धून डोक्यात जाते? मग हे वाचाच

तिसरीघंटा:
‘डॉक्टर झिवागो’ (१९६५) या सिनेमावर काल इथे एकाने लिहिलं: ‘रशियात क्रांती चाललीय, माणसं उपाशी मरतायत, आणि वर तीन तास एकच वॉल्ट्झ (नायिका लाराची धून) गुलाबजामच्या पाकासारखी ओतलीय.’ खाली +१ची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

दिग्दर्शक डेव्हिड लीनला मुळात एक जुनं रशियन गाणं हवं होतं, पण त्याच्या हक्कांचा पत्ता लागेना. संगीतकार मॉरिस जार चाली लिहून आणतोय, लीन नाकारतोय. शेवटी लीनच म्हणाला, झिवागो विसर, रशिया विसर, मैत्रिणीला घेऊन डोंगरात जा आणि तिच्यासाठी काहीतरी लिही. त्यातून ही धून आली. आता ‘एकच’चं गाऱ्हाणं. जारने बरंच वेगवेगळं लिहिलं होतं. संकलनात त्यातलं कितीतरी उडालं आणि जागा दिसेल तिथे लारा चिकटवली. त्याला स्वतःलाही ते रुचलं नव्हतं. तेव्हा शिव्या द्यायच्याच तर कात्रीला द्या.

आणि ती बालालायका! आईला पुरून आलेल्या छोट्या झिवागोच्या वाट्याला एवढं एक तीन तारांचं वाद्य येतं. त्याला ते वाजवताही येत नाही. शेवटी धरणावरून त्याची मुलगी तेच वाद्य पाठीवर टाकून चालू लागते. ज्यांना यात नुसता पाक दिसतो त्यांनी साखर तपासून घ्यावी.

साडेसातीराव:
तो ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का? सिनेमातल्या वारिकिनोच्या त्या गोठलेल्या घरातला बर्फ मेणाचा होता, चित्रीकरण स्पेनमधलं. संगीतही त्याच जातीचं. आणि कात्रीने केलं असेल तर वाईट ते वाईटच की. आमटीत मीठ जास्त पडलं, तर ते सासूने टाकलं की सुनेने, याने चव बदलते?

गच्चीतलंव्हायोलिन:
पाक असो की मेण, झिवागोसाठी शंभराच्या वर माणसं समोर बसून वाजवत होती हो! मी २२ वर्षं लग्नांत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. एक दिवस संयोजक म्हणाला, ‘काका, उद्यापासून नका येऊ, कीबोर्डवर स्ट्रिंग्जचं बटण आहे.’ चार व्हायोलिनवाले एका बटणात गेले. बटणाला गज कुठे फिरतो ते कळत नाही. सूर सुरू होतो तसाच संपतो, मधे श्वास नाही.

कोरी_पाटी:
काका, तुमचं दुःख समजलं, पण विषय झिवागो आहे ना? आणि खरे वादक हवेत म्हणूनच अजय-अतुल ‘सैराट’च्या ध्वनिमुद्रणासाठी थेट हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. ऐका जरा.

गच्चीतलंव्हायोलिन:
ऐकलंय, रडलोयही. पण अकलूज-करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमाला तंतुवाद्यं परदेशातून आणावे लागले, हे तुम्हाला खटकत नाही? इथले वादक काय भांडी घासत होते?

कोरी_पाटी:
खटकत नाही. जिथे चांगलं मिळेल तिथे जावं. उगाच अस्मिता काढू नका.

माजोर्डेकर:
अस्मिता नाही, हिशेब. आमच्या गावचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवलेले. १९५८ साली त्यांनी मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या आवारात सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता आणि मन्ना डे गायले. पुढे ते अमेरिकेला गेले, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते १९७७ सालचं अंड्यातून बाहेर येणाऱ्या बच्चनचं, त्यांच्या नावाचं गाणं. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरं अक्षरांआधी सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकत. नोटेशन वाचणारी ही माणसं नसती तर तुमचा हिंदी सिनेमा पेटी-तबल्यावरच राहिला असता.

साडेसातीराव:
नोटेशनची मिजास नको. झिवागोच्या ध्वनिमुद्रणाला लॉस एंजेलिसमधून जे बालालायकावाले धरून आणले, त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. ऐकून-ऐकून पाठ केलं त्यांनी. बघा तिसरीघंटा, तुमची बाजूसुद्धा मीच मांडतोय.

माजोर्डेकर:
पेटी-तबल्यापेक्षा गोड लागलं ना शेवटी? मग गप्प बसा.

साडेसातीराव:
गप्प बसा कोणाला म्हणता? संपादक झोपलेत का?

पुरणाची_पोळी:
भांडा निवांत. दादऱ्यातली ती धून मला मात्र सिनेमाच्या आधीपासून पाठ आहे. बाबांनी १९७८ साली जपानहून आईसाठी दागिन्यांची पेटी आणली होती. झाकण उघडलं की लारा. दागिने दोनच होते, पाटल्या आणि एक नथ, पण आई दुपारी उगाचच उघडायची. आता पेटी माझ्याकडे आहे. किल्ली दिली की पहिली ओळ नीट वाजते, दुसरीच्या मध्यावर एक सूर गायब होतो आणि कट्-कट् येतं. मी सिनेमा पाहिला तेव्हा त्या जागी कट्-कट् आलं नाही, तर चुकल्यासारखं वाटलं.

कोरी_पाटी:
दादरा नव्हे, वॉल्ट्झ. तीन मात्रा, पहिलीवर जोर.

पुरणाची_पोळी:
धन्यवाद, मास्तर.

तिसरीघंटा:
धागा कुठून कुठे गेला! साडेसातीराव, आता तरी मान्य करा.

साडेसातीराव:
काय मान्य करू? तीन तास एकच धून, हे मत कायम. धून भिकार आहे असं मी कुठे म्हटलं? जास्त आहे म्हटलं. पहिल्या वेळी आवडली होती, झालं समाधान?

पुरणाची पोळी, पेटीतल्या नळकांड्यावरचे खिळे शाबूत आहेत का बघा. असतील तर सूर काढणाऱ्या धातूच्या फणीचा एक दात मोडलाय. तेल अजिबात घालू नका, धूळ धरेल. माझ्याकडे अशाच एका पेटीची सुटी फणी पडून आहे, दात जुळतात का पाहू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पुरणाची_पोळी:
व्यनि मिळाला. पण तो दात बसवायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये.