बाळाच्या फोटोंचे चित्रप्रदर्शन : फलक कसे लिहावेत?

प्रश्न
आमच्या कन्येचा पहिला वाढदिवस पुढच्या महिन्यात दादरला, आमच्याच इमारतीच्या सभागृहात करायचा आहे. फुगे आणि कार्टूनचा पडदा न लावता तिच्या वर्षभरातल्या वीस फोटोंचे, जहांगीर कलादालनात मांडतात तसे रीतसर प्रदर्शन भरवावे आणि प्रत्येक फोटोखाली शीर्षक, माध्यम, आकार व समीक्षकाच्या भाषेतल्या चार ओळी असाव्यात, असे आम्हां दोघांच्या मनात आहे. एका फोटोत उष्टावणाची खीर तिच्या भुवईपर्यंत पोहोचली आहे. दुसऱ्यात, बोरन्हाणाच्या दिवशी, काळ्या झबल्यावरचा हलव्याचा हार ती चोखते आहे आणि कडेला आजोबांचा फक्त हात दिसतो. पाहुण्यांनी पोट धरून हसावे हे हवेच आहे. मात्र त्यात मुलीची किंवा चित्रकलेची टवाळी झाल्यासारखे कोणाला वाटू नये. ‘मानवी अस्तित्वातील शून्यतेचा उत्कट आविष्कार’ असा पहिला फलक लिहिला, पण तो वाचून घरात कोणालाही हसू आले नाही. काय चुकते आहे?

प्रतिसाद १ (चित्रकला शिक्षिका, गिरगाव)
ताई, शब्द जड आहेत ही अडचण नाही. त्या फलकात तुमची लेक कुठेच नाही, ही अडचण आहे. तो कोणत्याही चित्राखाली खपून जाईल. समोर खरोखर जे दिसते त्याचेच वर्णन पूर्ण गांभीर्याने, बारकाईने केले, म्हणजे हसू आपोआप येते. खिरीच्या फोटोखाली मी असे लिहीन : ‘उष्टावण. माध्यम : तांदळाची खीर, तूप. हनुवटीपाशी दाट असलेला थर भुवईकडे जाताना विरळ होतो, त्यावरून कलाकाराने हात खालून वर फिरवला असावा. चमच्याच्या वापराच्या खुणा आढळत नाहीत.’ यात एकही वाक्य खोटे नाही आणि बाळाला कुठे कमीपणाही नाही.

चित्रकलेच्या अवमानाची काळजी तर मुळीच करू नका, कारण घरातली माणसे हा चित्रकारांचा जुनाच विषय आहे. फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो यांनी १८७२ साली आपली बहीण आणि पाळण्यात निजलेली तिची तान्ही मुलगी रंगवली, आणि ते चित्र १८७४ मध्ये पॅरिसला दृक्प्रत्ययवाद्यांच्या (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या) पहिल्या प्रदर्शनात लागले. आपल्याकडे सावळाराम हळदणकरांचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र पाहा; त्यासाठी त्यांची स्वतःची कन्याच उभी राहिली होती.

प्रतिसाद २ (फोटो छपाई आणि फ्रेमचे काम, फोर्ट)
छपाईला व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो देऊ नका, तिथे ते आकसतात. ज्या फोनवर काढले त्यातली मूळ फाइल द्या. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ८ बाय १२ इंचांत स्वच्छ उतरतो. कागद मॅटच घ्यावा, कारण सभागृहातल्या ट्यूबलाइट चकचकीत कागदावर उमटतात आणि नेमका चेहरा दिसेनासा होतो. वीस फ्रेमांचा खर्च करण्यापेक्षा फोटो सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ पाटीवर) चिकटवले तर हलके राहतात आणि भिंतीला खिळे ठोकावे लागत नाहीत. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर यावा, हा कलादालनांत बराच रुळलेला हिशेब आहे. सगळे मध्य एका ओळीत आले की सभागृहाचे रूपच पालटते. फलक फोटोच्या उजवीकडे खाली, लहान आणि सगळे एकाच अक्षरात ठेवा.

प्रतिसाद ३ (दोन नातवंडांचे आजोबा, मुलुंड)
आजोबांचा हात कृपा करून कापू नका. घरातले वडीलधारे बहुतेक फोटोंत असेच कडेला असतात, कोणी बाळाला सावरत, कोणी दुपटे धरून. फलकात त्या हाताचीही नोंद व्हायला हवी. आणखी एक सांगतो. न्हाऊ घालतानाचे उघडे फोटो आणि ती कळवळून रडत असतानाचे फोटो वगळावेत. ती मोठी झाल्यावर हे फलक स्वतः वाचील, तेव्हा तिलाही हसू यायला हवे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
तिघांचेही मनापासून आभार. न्हाणाचे दोन फोटो आजच काढून ठेवले, त्यामुळे आता अठरा उरले आहेत. जत्रेसारखी मुलेही पुष्कळ येणार असल्याने तीन फोटो मुद्दाम त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावणार आहोत. बोरन्हाणाचा फलक काल रात्री सासूबाईंनी आणि मी मिळून लिहिला : ‘बोरन्हाण. माध्यम : साखर, खसखस, दोरा, लाळ. हाराचा डावा भाग अपूर्ण आहे. तो कलाकाराने काम चालू असतानाच सेवन केला. उजवीकडील हात आजोबांचा. तो हार सोडवण्यासाठी पुढे आला आहे, परंतु बोटे अजून उघडीच आहेत.’ मामंजींनी तो दोनदा वाचला आणि आपल्या नावापुढे ‘सेवानिवृत्त’ लिहायला सांगितले.