डी नदीवर सॅमन डोळ्यांसमोर उड्या मारतो, पण गळाला लागत नाही

खाडीची लेक:
ॲबर्डीनला राहते. माहेर खाडीकाठचं, त्यामुळे शेंगटीपासून तांबोशीपर्यंत सगळं गळावर काढलेलं आहे. इथे मात्र गेला अख्खा सीझन कोरडा गेला. बँचरीच्या वरच्या अंगाला एका क्लबचं पाणी आहे, तिथे शनिवारी जाते. रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमनवर गळ टाकायला कायद्यानेच बंदी आणि बाकीचे दिवस नोकरी, त्यामुळे आठवड्याला एकच संधी.

मासे नाहीत म्हणावं तर तेही नाही. चार हातांवर हाताएवढा मासा हवेत उडतो, धप्पकन आडवा पडतो आणि माझ्या फ्लायकडे, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली माशीकडे, ढुंकूनही बघत नाही. उडी दिसली की मी लगेच तिथेच फ्लाय टाकते. रंग बदलते, आकार बदलते. पलीकडचे आजोबा ‘पेशन्स, पेशन्स’ म्हणून हसतात. पेशन्स आहे हो, पण कशासाठी धरायचा ते तरी कळू दे! आपल्याकडे वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात, मासा अंडी घालायला वर चढतो तसाच हा समुद्रातून चढतो ना? एवढं अंतर पोहून आलेल्या जिवाला भूक कशी नाही? जाणकारांनी सांगावं.

डीकाठी:
भूक नाहीच, सगळी गोम तिथेच आहे. गोड्या पाण्यात शिरला की सॅमन खाणं सोडतो. ग्रीनलंड-फॅरोकडच्या समुद्रात चरून अंगावर जी चरबी चढवलेली असते, तिच्यावरच पुढचं सगळं निभावायचं. फेब्रुवारीत डीमध्ये शिरलेला मासा हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालेपर्यंत उपाशीच असतो. मग तो फ्लाय तोंडात का धरतो? चिडून, जुन्या सवयीने, की जागेवरून हुसकावायला, यावर इथल्या पबमध्ये भांडणं होतात आणि शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. आपल्यापुरता अर्थ एवढाच की ‘याला काय आवडेल’ हा खाडीवरचा प्रश्न इथे गैरलागू आहे. डोहात चाळीस मासे असले तरी त्या घटकेला तोंड उघडायच्या मनःस्थितीत एखादाच असतो. त्याच्यापर्यंत फ्लाय पोचवायची, बस्स.

म्हणून उड्यांच्या मागे धावू नका. उंच उडून आडवा आपटणारा मासा बहुधा वाटेला लागलेला असतो किंवा महिनोन्‌महिने त्याच डोहात पडून विटलेला असतो. पाण्यातून आधी डोकं, मग पाठ, मग शेपटी असा सावकाश लोळत वर येणारा दिसला तर मात्र त्याची जागा लक्षात ठेवा. तो फ्लाय तोंडात घेण्याची शक्यता खूप जास्त.

आता पाणी कसं झाडायचं ते. डोहाच्या वरच्या तोंडाशी उभं राहायचं. धारेच्या खालच्या अंगाला तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशात लाईन टाकायची. मधला जोरदार ओघ लाईनीचं पोट धरून ओढतो आणि मग फ्लाय मोटारसायकलसारखी सुसाट सुटते. तसं होऊ नये म्हणून लाईन पडल्याबरोबर रॉडने उचलून वरच्या बाजूला फिरवून ठेवायची. मग हात स्थिर. फ्लाय हळूहळू गोल फिरत तुमच्या काठाखाली येते आणि लटकते. तिथे दोन क्षण राहू द्या, तिथेही मासा घेतो. मग दोन पावलं खाली सरका आणि पुन्हा तेच. डोह संपेपर्यंत. एका जागी रुजून तासभर फ्लाय बदलत बसलात तर तुमचा सगळा कारखाना एकाच माशापुढे चालतो, आणि तो ‘नाही’ म्हणून मोकळा झालेला असतो.

नेम दगडांवर धरा. मासा खळाळ चढून आला की दम खायला वरच्या डोहाच्या शेपटाशी थांबतो, मोठ्या शिळेच्या पुढे-मागे टेकतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नुसतं काठाने फिरा, शिळा कुठे आहेत ते बघून ठेवा. पाणी वाढल्यावर त्यांच्यावरून फक्त एक गुळगुळीत फुगवटा जाताना दिसतो.

आणि फ्लायच्या डबीपेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची. सेपाच्या (स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेच्या) संकेतस्थळावर नदीच्या मापकाचे आकडे मिळतात. पाणी चढत असेल तर फारशी आशा नको. पूर येऊन गेल्यावर उतरतं, गढूळपणा निवळून चहाच्या रंगाचं होतं, तेव्हा रजा टाका. डी केर्नगॉर्म डोंगरातून येते, त्यामुळे वसंतात वरचं बर्फ वितळून बर्फगार पाणी येतं आणि मासे थिजल्यासारखे पडून राहतात. दहा अंशांखाली पाणी असेल तर लाईनीचं टोक बुडणारं आणि फ्लाय मोठी, ‘विली गन’ नावाची. त्यावर गेलं की तरंगती लाईन आणि बारीक ‘कॅस्केड’ फ्लाय. या दोन माश्यांवर माझं वर्ष निघतं. बाकीच्या दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी असतात.

टे-वाला:
वरच्यांशी बहुतांशी सहमत. फक्त फ्लायचं एवढं सोवळं नको. ब्रिटनमध्ये रॉडवर मिळालेला सर्वांत मोठा सॅमन आमच्या टे नदीतला, ६४ पौंडांचा. जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तो ७ ऑक्टोबर १९२२ रोजी काढला. वडील वल्ही मारत होते, बाई होडीत, आणि गळाला फ्लाय नव्हती, फिरतं आमिष होतं. शंभर वर्षं उलटली तरी विक्रम त्यांच्याच नावावर आहे. पलीकडच्या आजोबांना हे जरूर ऐकवा.

दुसरं, आपणच कमी पडतोय असं वाटून घेऊ नका. मासाच कमी झालाय. २०२३ मध्ये स्कॉटलंडभर रॉडवर मिळालेल्या सॅमनचा आकडा १९५२ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वांत कमी होता, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन ‘संकटग्रस्त’ यादीत गेला. जुन्या लोकांचे किस्से ऐकून स्वतःला मोजायला गेलात तर रॉड विकावा लागेल.

खाडीची लेक:
दोघांचेही आभार. उड्यांमागे धावणं आजपासून बंद. पण एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये एकदा लाईनीला जड ओढ लागली होती. मी सवयीने झटका दिला आणि सगळं सैल. खाडीवर तर झटका दिल्याशिवाय गळ रुततच नाही! शिवाय मार्चमध्ये क्लबमधल्या एकाने चांदीसारखा लखलखीत मासा काढला, तर सगळे म्हणाले हा धरायचा नाही. का?

डीकाठी:
झटका विसरा. सॅमन फ्लाय तोंडात धरून वळतो आणि स्वतःच्या जागेवर परत निघतो. त्या वळण्यातच गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुम्ही झटका मारलात की फ्लाय त्याच्या उघड्या तोंडातून सरळ बाहेर. ओढ जाणवली की काहीही करायचं नाही. रीळ थोडी सैल ठेवा, त्याला लाईन नेऊ द्या, ती कर्रकर्र फिरायला लागली की मग सावकाश रॉड उचला. सांगायला सोपं आहे, छातीत धडधडत असताना हात आवरणं अवघड.

मार्चमधला तो केल्ट असणार. म्हणजे मागच्या हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परत निघालेला. अंग चांदीचं दिसतं म्हणून नवखे फसतात, पण पोट खपाटीला गेलेलं, डोकं अंगाच्या मानाने मोठं, शेपटीच्या कडा झिजलेल्या, आणि कल्ला उचलून पाहिलात तर आत बऱ्याचदा पांढरे बारीक परजीवी चिकटलेले. ताजा मासा खांद्यात भरलेला असतो. नुकताच समुद्रातून आलेला असेल तर शेपटीजवळ समुद्री उवा दिसतात, गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत. केल्ट ठेवणं बेकायदा आहे. तसंही डीवर ताजा असो की केल्ट, प्रत्येक सॅमन सोडूनच द्यायचा. वलगणीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो: अंड्यांनी भरलेला मासा टोपलीभर घरी न्यायची आपली सवय इथे पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर ठेवायची.

सोडताना गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला हवा. मासा जाळीत, पण पाण्यातच. एक हात शेपटीच्या मनगटावर, दुसरा पोटाखाली, तोंड ओघाकडे. तो स्वतः शेपूट हलवून हात सोडवेपर्यंत धरून ठेवायचा. फोटो काढायचाच असेल तर पाण्यातल्या पाण्यात.

टे-वाला:
आणि जुलैमध्ये थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी वीस अंशांवर गेलं तर रॉड बाहेर काढूच नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, लढून दमलेला मासा सोडला तरी मरतो. डीच्या वरच्या खोऱ्यात काठाने झाडं लावताहेत ती पाण्यावर सावली पडावी म्हणूनच.

खाडीची लेक:
पक्कड आणि थर्मामीटर पिशवीत गेले. शनिवारी रात्रीपर्यंत पाऊस सांगितलाय. म्हणजे या शनिवारी घरीच, आणि साहेबांकडे सोमवारच्या रजेचा अर्ज.

डीकाठी:
सोमवार नको, मंगळवारची मागा. एवढ्या पावसाचं पाणी निवळायला एखादा दिवस जास्तच लागतो.