‘प्रजाती’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न

परवा एका बातमीचा मथळा वाचला: ‘सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली’. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड दिली आहे, त्यात सगळ्यात खाली ‘जाती’ आणि तिच्या वरच्या पायरीवर ‘प्रजाती’. तिने बातमी वाचून लगेच विचारलं, “आई, म्हणजे वरची पायरीच नवी सापडली का गं?” खाली पालीचं लॅटिन नाव होतं. त्यातला पहिला शब्द जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या पालींचाच निघाला. मग नवी प्रजाती कशी? जात, जाती, प्रजाती, वंश, वाण, प्रकार हे सगळे शब्द आपण सरमिसळ वापरतो. यातला कुठला कुठे वापरायचा, कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

तुमच्या लेकीने अगदी नेमकं बोट ठेवलं आहे. चूक मथळ्याची आहे.

मराठीतली शास्त्रीय उतरंड अशी: सृष्टी, मग संघ (वनस्पतींत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. प्राण्यांबद्दलच्या जुन्या लेखनात प्रजातीच्या जागी ‘वंश’ही भेटतो. आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. यातला ‘मँजिफेरा’ ही प्रजाती, आणि दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव. नुसत्या ‘इंडिका’ला काही अर्थ नाही, कारण आपला शेकरूसुद्धा रॅटुफा इंडिका आहे. आडनाव आणि नाव अशी ही जोडी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने वनस्पतींना १७५३ साली आणि प्राण्यांना १७५८ साली सरसकट लावली. आजही त्या दोन सालांतल्या त्याच्या ग्रंथांपासूनच शास्त्रीय नावं ग्राह्य धरली जातात.

घोळ झाला तो हिंदीमुळे. हिंदी परिभाषेत वरच्या पायरीला ‘वंश’ म्हणतात, त्यामुळे तिकडच्या बातम्यांत खालच्या पायरीला ‘प्रजाति’ म्हटलं तरी कुठे टक्कर होत नाही. आपण तो शब्द तसाच उचलला आणि आपल्याकडे तो आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे हे विसरलो. शिवाय ‘जात’ या शब्दावर समाजाने जे ओझं टाकलं आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात ‘जाती’कडे जाताना अडखळतो, असा माझा अंदाज आहे. ‘प्रजाती’ त्यापेक्षा स्वच्छ आणि भारदस्त वाटत असावा.

खरं तर ‘जाती’ हा फार जुना आणि फार चांगला शब्द आहे. जन् धातूपासून आलेला, म्हणजे जन्माने मिळणारं ते. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, जातीची ओळख सांगताना ‘आकृतिग्रहणा जातिः’ असं म्हटलं आहे, आकारावरून जिचं ग्रहण होतं ती जाती. त्याच श्लोकात पुढे ‘सकृदाख्यातनिर्ग्राह्या’ असं येतं. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी न सांगता ओळखू येते ती. रानात कुणी एकदा ‘हा ऐन’ म्हणून मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दाखवली की पुढचा ऐन आपला आपण ओळखतो, तेच हे. (संस्कृतात ‘जाती’ म्हणजे एक फूलसुद्धा. त्याचीच आपली ‘जाई’ झाली.) ‘प्रजाति’चा संस्कृत अर्थ मात्र प्रजनन, संतती असा आहे. वर्गीकरणातला अर्थ आपण त्याला अलीकडे दिला. पण दिला आहे, तर तो पाळावा.

प्रतिसाद

एवढा काटेकोरपणा कशाला? बातमी वाचणाऱ्याला एवढंच कळायचं असतं की काहीतरी नवं सापडलं. भाषा वापराने ठरते. आमच्याकडे शेतकरी हापूस, पायरी, केसर यांना आंब्याच्या ‘जाती’च म्हणतो. त्यालाही चूक म्हणणार का?

प्रतिसाद

शेतकऱ्याला चूक म्हणायचं कारणच नाही. तो ‘आंब्याची जात’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काहीही गोंधळ होत नाही. शास्त्राच्या लेखात मात्र हापूस, पायरी आणि केसर हे एकाच जातीचे वाण. ‘वाण’ हा शब्द त्याच शेतकऱ्याच्या तोंडचा आहे, बियाण्याच्या पिशवीवरही तोच असतो, तेव्हा कुणावर काही लादायला नको. गुरांच्या बाबतीत खिल्लार, डांगी, देवणी यांना ‘जात’ म्हणणं इतकं रुळलेलं आहे की तिथे मीही हात लावणार नाही.

पण बातमीचं तसं नाही. २००३ साली केरळातल्या इडुक्कीकडचा एक बेडूक शास्त्राला माहीत झाला. जांभळट, फुगीर, टोकदार नाकाचा, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढणारा. त्याचं नाव नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. त्याची जाती नवी होती, प्रजाती नवी होती आणि कुलही नवं मांडावं लागलं, कारण त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर निघाले. त्या बेडकासाठी ‘नवी प्रजाती’ हे शब्द खरे होते. आज प्रत्येक नव्या पालीला तेच म्हणायचं, तर त्या बेडकासाठी कुठला शब्द उरतो? एक पायरी दाखवणारा शब्द गेला की ती पायरीच दिसेनाशी होते.

आपल्या हवेत तर हे जास्तच जाणवतं. बर्फाळ मुलखात एका प्रजातीच्या दोन-तीन जाती आसपास असतील. उष्ण कटिबंधात एकाच डोंगरावर ढिगाने असतात. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक, खरवत ही सगळी फायकस या एकाच प्रजातीतली झाडं. खरवतीचं पान हाताला कानशीसारखं लागतं, पिंपळाचं गुळगुळीत, नांद्रुकाचं जाड आणि लहान. दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही. पण फांदी मोडली की सगळ्यांना पांढरा चीक येतो, आणि फुलं सगळ्यांचीच फळाच्या आत बंद असतात. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, तशी वडाची आणि पिंपळाचीही फुलं कुणाला दिसत नाहीत. या सगळ्यांना मिळून एक नाव बोलीत नाही. म्हणूनच ‘प्रजाती’ची गरज आहे. कुणी ‘वडवर्गीय झाडं’ लिहितात, पण ‘वर्ग’ म्हणजे तीन पायऱ्या वर. ‘मार्जारकुळातला बिबट्या’ मात्र बिनचूक आहे, कारण ते खरोखरच कुल आहे.

प्रतिसाद

कोकणातून लिहितोय. तुमच्या उदाहरणाच्या उलटं उदाहरण आमच्या परसात आहे. कुडा. पांढरा कुडा आणि काळा कुडा. नावं ऐकून वाटतं एकाच प्रजातीच्या दोन जाती, पण पांढरा कुडा होलॅऱ्हेना आणि काळा कुडा राइटिया, प्रजातीच वेगळ्या. कुल तेवढं एक, कण्हेरीचं.

हे मला घरच्या अनुभवातून कळलं. आईला आव पडत होती, वैद्यांनी कुड्याची साल सांगितली. बाजारातून आणलेल्या सालीचा काढा आठवडाभर घेतला, गुण नाही. वैद्यांनी तुकडा चघळून पाहिला आणि म्हणाले, “ही कडूच नाही. हा तो कुडा नव्हे.” मग त्यांनी मला झाडाखाली नेऊन शेंगा दाखवल्या. दोन्हींच्या शेंगा लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकापर्यंत सुट्या, अंगावर बारीक पांढरे ठिपके. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली, चिमट्यासारखी. पांढऱ्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याच्या गोडे इंद्रजव. ‘काळा-पांढरा’पेक्षा ‘कडू-गोडा’ ही ओळख मला जास्त पक्की वाटते, कारण जीभ फसत नाही.

प्रतिसाद

फार मोलाचं उदाहरण दिलंत. ‘काळा कुडा’, ‘पांढरा कुडा’, ‘रानहळद’, ‘टोपली कारवी’ या नावांची घडण पाहा: एक मुख्य नाव आणि त्याला एक विशेषण. लॅटिन जोडनावाचीही घडण हीच, फक्त तिथे विशेषण मागून येतं. लिनियसच्या कितीतरी आधीपासून आपले लोक दोन शब्दांत नावं ठेवत होते. कारवीच्या बाबतीत लोकांची आणि शास्त्राची गाठही पडते: कारवी आणि टोपली कारवी दोन्ही स्ट्रोबिलँथिस. कुड्याच्या बाबतीत पडत नाही.

पण कुड्यावर शास्त्रही अडखळलं आहे. पांढऱ्या कुड्याचं नाव जुन्या पुस्तकांत होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असं दिसेल, म्हणजे आवेवरचा. आता ते होलॅऱ्हेना प्यूबेसेन्स आहे. आणि राइटिया अँटिडिसेंटेरिका नावाचं झुडूप वेगळंच, श्रीलंकेतलं. म्हणजे ज्या गोंधळात तुमच्या आईला चुकीची साल मिळाली, त्याची सावली लॅटिन नावांवरही पडलेली आहे.

हा कुडा ‘हॉर्टस मलबारिकस’मध्येही आहे, ‘कोडगपाला’ या मल्याळी नावाने. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडे याने करवून घेतलेला, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेला बारा खंडांचा ग्रंथ. झाडं ओळखून देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य. त्या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे आणि चित्रांवरही नागरीत नावं कोरलेली आहेत. लिनियसने आपल्या भागातल्या अनेक वनस्पती या ग्रंथावरून घेतल्या. झाड कुणाच्या तोंडून ओळखलं गेलं, हे त्या पानांवर अजून वाचता येतं.

प्रतिसाद

एक जोड. ‘ओळख’ आणि ‘वर्गीकरण’ हेही दोन वेगळे शब्द वेगळेच ठेवावेत. गावात साप निघाला की मला फोन येतो, ‘साप कुठल्या प्रकारात मोडतो?’ त्यांना हवी असते ओळख: मण्यार की कवड्या? मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ होत जातात, आणि पाठीच्या मधोमध षटकोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ असते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, शेपटीकडे पुसट होतात, आणि तशी मोठ्या खवल्यांची ओळ नसते. कवड्या बिनविषारी, मण्यार जीवघेणी. लांबून काढलेल्या फोटोवरूनही हे कळतं, जवळ जायचं नाही. ही झाली ओळख. मण्यार नागाच्या कुलात का, हे वर्गीकरण. आणि तिला बंगारस सेरुलियस म्हणणं हे नामकरण. मराठीत तिन्हींना स्वतंत्र शब्द आहेत, तेव्हा ‘सापाचं वर्गीकरण करून सांगा’ असं कृपया म्हणू नका.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने वहीत उतरंड पुन्हा लिहिली आणि प्रत्येक पायरीसमोर मँजिफेराऐवजी कुडा लिहायला घेतला. ‘कुल’पाशी थांबून तिने विचारलं, हे आजोबांच्या जमिनीवरचं ‘कूळ’ का? मी सांगितलं, तो दीर्घ ऊकार, आणि ते प्रकरण वेगळं. रविवारी टेकडीवर जाणार आहोत. शेंगांची टोकं चिकटलेली की सुटी, ते पाहून इथे कळवते.