प्रतिसाद: गोळी सोडली की जळजळ दुप्पट
वर विचारलंय, ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल गोळी सोडली की छातीतली जळजळ दुप्पट होते, म्हणजे सवय लागली का? पॅन्टोप्राझोल बरेच महिने घेऊन एकदम बंद केली की पोट काही दिवस उलट जास्तच ॲसिड बनवतं. म्हणून फॅमिली डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवायचा. मुळात ती घेता कधी? नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी हवी. आमचे हे विरार लोकलमधून दहाला घरी, साडेदहाला जेवण, अकराला आडवे. गोळी बिचारी काय करणार! झोपल्यावर ॲसिड वर येऊ नये म्हणून डॉक्टरांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायला लावल्या. (नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं.) घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर मात्र गोळ्या बदलत बसू नका, एंडोस्कोपीचं (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघतात ती तपासणी) डॉक्टरांना लगेच विचारा.