ग्रामसभेची खबर वेळेवर कशी मिळवावी?

प्रश्न: सभा होऊन गेल्यावर कळतं. गावाचा पैसा कुठे जातो, हे घरबसल्या कसं पाहायचं? आणि आपला विषय सभेपुढे आणायचा कसा?

उत्तर १: साध्या ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी लागते. फलकावरच्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. विषय तोंडी सांगू नका, हमखास राहून जातो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, सही, शिक्का घ्या.

गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. खरी गोम इथेच आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढच्या खेपेस गणपूर्ती लागत नाही, मग पंधरा माणसांत ठराव होतात. म्हणून पहिल्याच सभेला माणसं न्या. महिलासभा तर ग्रामसभेच्या आधी होते, पाण्याचे विषय तिथूनच पुढे जाऊ द्या.

उत्तर २: पैशाच्या हिशोबासाठी 'ई-ग्रामस्वराज' हे सरकारी संकेतस्थळ पाहा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की आराखडा आणि खर्च दिसतो. तिथे गटार पूर्ण दिसत असेल तर जागेवर जाऊन टेप लावा.

मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची, प्रत माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. दोन कामं एकत्र मागितली की अर्ज अडकतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोमवारीच अर्ज देतो.