पट्टीवर दोन रेघा आल्या म्हणजे दारू निर्धोक, असं नाही

विषारी दारूवरच्या चर्चेत एकाने म्हटलंय की अमेरिकेत फेंटानिल (अफूच्या जातीचं, फार जहाल नशेचं औषध) ओळखायला वापरतात तशा चाचणीच्या पट्ट्या गावोगावच्या आशाताईंकडे दिल्या तर विषारी दारूचे बळी थांबतील. तळमळ पटते, पण ती पट्टी आपल्या कामाची नाही. पाण्यात विरघळवलेल्या नमुन्यात ती फक्त फेंटानिल आणि त्याच्या जातीची काही रसायनं शोधते. एक रेघ म्हणजे आहे, दोन म्हणजे सापडलं नाही. हातभट्टीच्या दारूत मिसळलेलं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, तिला दिसणारच नाही, आणि दोन रेघा बघून माणूस निर्धास्तपणे प्यायचा.

आमच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे, त्यामुळे कोणाला त्रास झाला तरी पोलिसांच्या धाकाने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. इथेच घात होतो. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं, तेच खरं विष, आणि ते व्हायला वेळ लागतो. कधी १२ ते २४ तास जातात, सोबत साधी दारू पोटात असेल तर त्याहून जास्त. तोवर सगळे म्हणतात, अजून उतरली नाही, निजू द्या. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर लिंबू-ताक पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय प्यायलंय ते खरं सांगा. वेळेत कळलं तर प्रतिविष देता येतं, डायलिसिसने विष काढता येतं. आणि त्याच भट्टीची प्यायलेल्या बाकीच्यांनाही, ते धडधाकट दिसत असले तरी, लगेच सोबत न्या.